पोरगं बोलवालंय

(तान्ह्या बाळांच्या घरच्यांची पत्रं, बेळगावच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांची उत्तरं)

प्रश्न : डॉक्टर अक्का, माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. आम्ही येळ्ळूरला एकत्र कुटुंबात राहतो. तो रडला की मी लगेच घेते. सासूबाई आणि शेजारच्या काकू म्हणतात, "कडेची सवय लावून ठेवलीस, आता भोग. रडू दे जरा, फुफ्फुसं मोकळी होतात." पुढच्या महिन्यात मला उद्यमबागला कारखान्यात पुन्हा कामावर जायचंय. आत्तापासूनच घ्यायचं कमी करू का? हल्ली तर मी न्हाणीत गेले तरी रांगत दारापाशी येतो आणि रडतो. पूर्वी असा नव्हता. माझंच काही चुकलं का?
एक आई, येळ्ळूर

उत्तर : घ्यायचं कमी करू नका. तुमचं काही चुकलेलं नाही.

फुफ्फुसं मोकळी होतात, हे वाक्य मीही सुरुवातीच्या काळात माझ्यासमोर बसलेल्या आयांना ऐकवलेलं आहे, म्हणून आधी ते मागे घेते. रडून फुफ्फुसं मजबूत होत नाहीत. बाळ दमतं आणि दमून झोपतं, एवढंच.

माझा मोठा मुलगा तीन महिन्यांचा असताना मी घड्याळ समोर ठेवून बसत असे. दहा मिनिटं रडू द्यायचं, मग उचलायचं, असं कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. तेव्हा माझी आई निपाणीहून आली होती. चौथीपर्यंत शिकलेली, विड्या वळून आम्हाला वाढवलेली बाई. चौथ्या-पाचव्या मिनिटाला ती आतून आली, बाळ उचललं आणि म्हणाली, "अगं, पोरगं बोलवालंय. तू घड्याळ काय बघालीस?"

रडणं म्हणजे बोलावणं. मी एवढं शिकून आले होते, पण हा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता. आम्ही चार भावंडं आईच्या मांडीपासून हातभर अंतरावर वाढलो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात भिजवलेली पानं आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला. झोळीत चुळबुळ झाली की तिचे हात विडीवरच राहायचे, अंगठा हलायचा आणि तोंडानं "काय रं माझ्या राजा, काय झालं" सुरू व्हायचं. तेवढ्यानं भागलं नाही तरच सूप बाजूला. (तंबाखूची धूळ बाळाच्या श्वासात जाता कामा नये, हे मी आज कुणालाही ठणकावून सांगेन. तिच्यापाशी तेव्हा दुसरी जागा नव्हती.) हजार विड्यांच्या हिशेबात दिवस काढणाऱ्या बाईला प्रत्येक हाकेला बाळ उचलणं शक्यच नव्हतं. पण तिनं ओ दिली नाही असं होत नसे.

हीच गोष्ट मेरी एन्सवर्थ या संशोधक बाईंनी घराघरांत बसून पाहिली. आधी १९५४-५५ मध्ये युगांडातल्या खेड्यांत आणि पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला. तिथं त्यांनी २६ कुटुंबांच्या घरी वर्षभर, दर तीन आठवड्यांनी, चार-चार तास बसून नोंदी केल्या. १९७२ साली त्यांनी आणि सिल्व्हिया बेल यांनी मांडलं ते असं : पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या रडण्याला आया लवकर धावून गेल्या, ती बाळं वर्षाची होता होता कमी रडत होती. आवाज, हातवारे, चेहरा यांनी जास्त सांगत होती. या निष्कर्षावर नंतर वादही झाले. नेदरलँड्समधल्या पुढच्या एका अभ्यासात असं दिसलं की बारीकसारीक कुरकुरीला थोडं थांबून पाहिलं तरी बिघडत नाही. मला दोन्ही पटतात, कारण माझी आई दोन्ही करत होती.

कडेवर घेण्याचं म्हणाल, तर १९८६ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला एक प्रयोग झाला. काही आयांना सांगितलं, बाळ रडो न रडो, रोज किमान तीन तास अंगाशी घ्या. ती बाळं सहा आठवड्यांची असताना इतरांपेक्षा ४३ टक्के कमी रडत होती. काकूंना हा आकडा सांगायला हरकत नाही, पण भांडणासाठी वापरू नका. त्यांनीही आपली मुलं कडेवरच वाढवली असणार.

आता न्हाणीच्या दाराचं. आठव्या महिन्याच्या आसपास बाळाला कळू लागतं की डोळ्याआड गेलेलं माणूस कुठंतरी आहे. पण ते परत कधी येणार, हे कळायला अजून अवकाश असतो. या दोन समजांच्या मधल्या काळात ते रडतं. यातून बहुतेक मुलं जातात, दीड वर्षाच्या पुढे हे ओसरू लागतं. तोवर पदराआड तोंड लपवून "बुवाऽ कुक" खेळा. दिवसातून वीस वेळा खेळलात तरी त्याला पुरणार नाही. आई जाते आणि परत येते, हाच त्याचा तेव्हाचा अभ्यास.

कामावर जाण्यासाठी एकच गोष्ट कटाक्षानं पाळा. डोळा चुकवून निसटू नका. आपल्याकडे घरोघरी हे चालतं. आजी बाळाला परसात कोंबड्या दाखवायला नेते आणि आई पुढच्या दारानं चप्पल हातात घेऊन पळते. त्या दिवशी रडणं वाचतं, पण बाळाला कळतं की आई केव्हाही, न सांगता नाहीशी होऊ शकते. मग ते तुम्हाला घटकाभरही सोडत नाही. त्यापेक्षा समोर उभं राहा, पापा घ्या आणि "येते हं" म्हणा. आपण मराठी माणसं घराबाहेर पडताना "जाते" म्हणतच नाही, "येते" म्हणतो. बाळाला नेमकं तेच ऐकायचं असतं. तो रडेल. सासूबाईंनी त्याला घेऊन दारात उभं राहावं, "आई गेली, वाईट वाटलं ना रे" म्हणावं, मग हळूच कोंबड्यांकडे न्यावं. आत्तापासून आधी पंधरा मिनिटं, मग तासभर, मग अर्धा दिवस असं वाढवत न्या. सांभाळणारं माणूस मात्र रोज बदलू नका. बाळाची जवळीक एकट्या आईशीच होते असं नाही. आजीशी होते, बाबाशी होते. ओ देणारं माणूस ठरलेलं असावं.

आणि सवय लावण्याबद्दल शेवटचं. माझ्या तपासणीच्या खोलीत कोपऱ्यात वजनकाटा आहे. चमकणारा, म्हणून रांगणारी सगळी बाळं तिकडे धावतात. भरपूर कडेवर असणारं बाळ आईच्या मांडीवरून उतरतं, अर्ध्या वाटेत थांबतं, मान वळवून आईकडे बघतं. आईनं नुसती मान हलवली की पुढे जातं, काट्यावर थाप मारतं, पुन्हा मागे बघतं. मागे खात्रीचं माणूस आहे म्हणून पुढे जाण्याचं धाडस येतं. कडेवर घेतल्यानं मूल कडेलाच चिकटून राहिलं, असं मी तरी इतक्या वर्षांत पाहिलेलं नाही.

एखाद्या रात्री मात्र तुमचाच जीव मेटाकुटीला येईल. तेव्हा बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवा, पाच मिनिटं अंगणात जाऊन या, दुसऱ्या कुणाला तरी उठवा. रागाच्या भरात बाळाला गदागदा कधीही हलवू नका. त्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

प्रश्न : दहा महिन्यांची मुलगी मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय घासच घेत नाही. काय करावं?
चिकोडी

उत्तर : मोबाइल बंद करा. पहिले चार-पाच दिवस ती कमी खाईल. वजन नीट वाढत असलेलं मूल तेवढ्यानं उपाशी राहत नाही.

दोन वर्षांच्या आत पडदा नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ साली वर्षाच्या आतल्या बाळांसाठी हेच सांगितलं. पण नियमापेक्षा मला दुसरं सांगायचंय. बाळ तोंड उघडतं, फिरवतं, थुंकतं, तुमच्या हातातला चमचा ओढतं, हे सगळं ती तुमच्याशी बोलत असते. पुरे झालं, अजून दे, हे आवडलं नाही. मोबाइलकडे बघत गिळणारं बाळ हे बोलणं सोडून देतं आणि आपलं पोट भरलं की नाही हेही त्याला उमगत नाही. काऊचा घास, चिऊचा घास यात खरा कावळा कुंपणावर असतो, आजी बोट दाखवते, बाळ तिकडे बघतं, मग आजीकडे बघतं. त्या बघण्यात सगळं आहे. नाचणीचं सत्त्व सगळं अंगावर सांडलं तरी चालेल, तिच्या हातात एक चमचा द्या.

प्रश्न : मॅडम, जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. गाव खानापूर तालुक्यात. मुलगी तीन महिन्यांची असताना मी ड्यूटीवर परतलो, आता ती अकरा महिन्यांची झाल्यावर तीस दिवसांच्या सुट्टीवर आलो. आईनं तिला माझ्या हातात दिलं आणि तिनं किंचाळून घर डोक्यावर घेतलं. दोन दिवस झाले, मी खोलीत आलो की रडते. सगळे हसतात, मला मात्र झोप नाही. माझी मुलगी मला कधी बाप मानेल का?
एक जवान

उत्तर : मानेल. आणि तुमचं हे वाईट वाटणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे घरच्यांना माझ्या वतीनं सांगा.

आपल्या आजीच्या भाषेत याला एक सुंदर शब्दप्रयोग आहे : बाळ "माणूस ओळखू लागलंय". सहा-सात महिन्यांपर्यंत मूल कुणाकडेही जातं. त्यानंतर आपली आणि परकी माणसं त्याच्या मनात वेगळी होतात. तुमची मुलगी रडते, कारण तिच्या मनाची वाढ वेळेवर झाली आहे. तिला आपली माणसं कोण हे पक्कं माहीत आहे. तुमचं नाव अजून त्या यादीत चढायचंय, तेवढंच. बेळगावात कॅम्पच्या बाजूला माझ्याकडे अशी कितीतरी कुटुंबं येतात आणि आठवड्याभरात चित्र बदललेलं मी स्वतः पाहिलंय.

पहिले दोन दिवस तिला उचलायला जाऊ नका. जमिनीवर बसा, उभ्या माणसाची उंची बाळाला भिववते. तिच्याकडे तोंड करून नको, थोडं बाजूला. डोळ्यांत रोखून बघू नका. हातात एखादं वाटी-चमचा घ्या आणि आपल्याच नादात वाजवत बसा. ती बायकोच्या मांडीवर असेल. या वेळी बायकोनं तुमच्याशी मोकळेपणानं, हसून बोललं पाहिजे. तुम्ही दोघं बोलत राहा, ती तुम्हा दोघांची तोंडं वाचत राहील.

चेहरा वाचतात म्हणजे किती, ते १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फार छान दिसलं. वर्षाच्या बाळांना काचेच्या एका टेबलावर ठेवलं. काचेखाली मध्येच पायरीएवढा खोलगट भाग दिसत होता, त्यामुळे पुढे जावं की न जावं असा प्रश्न पडे. पलीकडे आई. आईनं आनंदी चेहरा केला तेव्हा १९ पैकी १४ बाळं पलीकडे गेली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. तुमच्या मुलीपुढे सध्या तुम्ही ती काच आहात. ती आईकडे बघून ठरवणार.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती तुमच्या गुडघ्याला हात लावून पटकन मागे जाईल. तेव्हा झडप घालू नका! पुन्हा येऊ द्या. मग एक रोजचं काम तुमचं करून टाका. संध्याकाळचं तेल लावणं असो किंवा शेताच्या बांधापर्यंतची फेरी. आधी बायको शेजारी असताना, नंतर एकट्यानं. खेळणी आणण्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणारा माणूस बाळाला लवकर आपला वाटतो.

सुट्टी संपेल तेव्हा तिला झोपलेली सोडून पहाटेच्या गाडीला जाऊ नका. उठवा, कडेवर घ्या, "येतो" म्हणा. पुढे व्हिडिओ कॉल करत राहा. पडद्याबद्दल वर एवढं लिहिलं, पण जवळच्या माणसाशी पडद्यावर बोलणं त्यातून वेगळं धरलं जातं. नुसता फोन समोर धरून भागणार नाही, आईनं शेजारी बसून "बाबा हसले बघ, तू पण हस" असं मध्ये बोललं पाहिजे. चमच्यानं वाटी वाजवायचा जो खेळ सुट्टीत खेळलात, तोच तिकडून खेळा. तुमची मुलगी आवाजानं तुम्हाला धरून ठेवील.

प्रश्न : आमच्या घरात मराठी. सून धारवाडकडची, बाळाशी कानडीत बोलते. अंगणवाडीतही कानडीच. नातेवाईक म्हणतात, दोन भाषांनी पोर गोंधळेल आणि उशिरा बोलेल. सुनेला मराठीतच बोल म्हणून सांगावं का?
एक आजोबा, निपाणी

उत्तर : सांगू नका, आजोबा. आपल्या भागात भाषेवरून मोठ्या माणसांची मनं किती दुखावलेली आहेत, हे मी निपाणीचीच लेक असल्यामुळे जाणते. पण बाळाच्या पाळण्यापर्यंत तो वाद नेऊ नये, अशी मनापासून विनंती आहे. आई ज्या भाषेत रागावते, लाड करते, गुणगुणते, त्याच भाषेत तिचं बाळाशी मन जुळतं. शिकून घेतलेल्या भाषेत ती बाळाशी कमी बोलेल, जपून बोलेल, आणि तोटा बाळाचा होईल. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही की मागे पडत नाही. शब्द मोजायचे तर दोन्हीकडचे मिळून मोजा. "पाणी" आणि "नीरू" हे दोन शब्द. तुम्ही मात्र त्याच्याशी भरभरून मराठी बोला, गोष्टी सांगा. तुमच्या मांडीवर बसून त्याला ती आपोआप येईल.

भाषा कुठलीही असो, वर्षाचं होऊनही बाळ बडबडत नसेल, बोट दाखवत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल किंवा येत असलेलं काही विसरू लागलं, तर थांबू नका. आधी कान तपासून घ्या.

प्रश्न : डॉक्टरबाई, हे पत्र मी नातवाकडून लिहून घेतलंय. जांबोटीकडचं गाव आमचं. धाकट्या सुनेला मुलगी झाली, दोन महिने होतील. सून बाळाला पाजते, पण तिच्याकडे बघत नाही. बाळ हसालंय, ही भिंतीकडे बघत बसते. रात्री बाळ झोपलं तरी हिला झोप नाही. जेवत नाही. कुणी म्हणतं बाहेरचं आहे, कुणी म्हणतं कामाचा कंटाळा. मी दृष्ट काढून झाले. काय करू?
एक सासू

उत्तर : मावशी, पत्र लिहवून घेतलंत हे फार बरं केलंत. सगळ्या पत्रांत हे मला सगळ्यात आधी वाचावंसं वाटलं.

हा कंटाळा नाही आणि बाहेरचंही काही नाही. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस रडू येणं, चिडणं बऱ्याच जणींना होतं आणि ते आपोआप जातं. दोन आठवड्यांच्या पुढे हे टिकलं, झोप-भूक गेली, बाळाकडे मन लागेना, तर तो नैराश्याचा आजार आहे. ताप यावा तसा आजार, आणि उपचारानं बरा होणारा. सल्ला, औषध दोन्ही आहे. अंगावर पाजत असतानाही देता येतील अशी औषधं डॉक्टर निवडून देतात.

बाळाचं काय होतं, तेही सांगते, पण हे सुनेला ऐकवायचं नाही. अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि मग दोन-तीन मिनिटं चेहरा अगदी निश्चल ठेवते. बाळ आधी हसून बघतं. मग हात नाचवतं, आवाज काढतं. मग कळवळतं, तोंड फिरवतं. म्हणजे दोन-चार महिन्यांचं बाळही आईला परत बोलावत असतं. याच प्रयोगातला पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. आईचा चेहरा परत जिवंत झाला की बाळ थोडं रुसतं, आणि पुन्हा तिच्याशी जुळवून घेतं. चांगल्या हसत्याखेळत्या जोडीतही आई आणि बाळाचा सूर दर वेळी जुळत नाही, निम्म्याहून जास्त वेळ तो चुकतच असतो. चुकलेलं पुन्हा जुळवता जुळवताच बाळ शिकतं. त्यामुळे हे दोन महिने वाया गेले असं कुणी मनात आणू नये.

तोवर बाळाच्या हसण्याला ओ तुम्ही द्या. न्हाऊ-माखू घालताना बोला. ती "अंऽ" म्हणाली की तुम्ही "अंऽ" म्हणा, थांबा, तिला पुन्हा म्हणू द्या. रात्रीचं एक पाजणं सोडलं तर बाकी उठणं तुम्ही आणि मुलानं वाटून घ्या, म्हणजे सुनेला सलग चार-पाच तास झोप मिळेल. बाळाला न्हाऊ घालून, कोरडं करून तिच्या उघड्या छातीशी नुसतं ठेवा, "बघ तिच्याकडे" असा आग्रह न करता.

एक विचारते, रागावू नका. मुलगी झाली म्हणून घरात कुणी काही बोललं का? नुसता सुस्कारा टाकला असेल तरी तिनं तो ऐकलेला असतो. तसं असेल तर ज्यानं टाकला त्यानं तिच्यासमोर बाळाला मांडीवर घेऊन बसावं.

या आठवड्यात तिला खानापूरच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावला मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. गावच्या आशाताईंना सोबत घ्या, त्यांना वाट माहीत असते. तोपर्यंत १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत. आणि सून जगावंसं वाटत नाही असं म्हणाली, बाळाला इजा करण्याचं बोलली, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाली किंवा वेड्यासारखी वागू लागली, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच दिवशी, असेल त्या गाडीनं निघा. तिला एकटं सोडू नका. बाळ तुमच्याकडे असू द्या आणि दवाखान्यात तिच्या शेजारी तिची आई किंवा तुमचा मुलगा बसू दे.